सणाच्या पानाची डावी बाजू: घरची आणि प्रांताची तोंडीलावणी कशी ठरवावीत

सणाला गोड काय करायचे, हे ठरवायला फारसा वेळ लागत नाही. गणेशचतुर्थीला मोदक, होळीला पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड, नारळी पौर्णिमेला नारळीभात हे बहुतेक घरांत आधीच ठरलेले असते. घर ओळखू येते ते मात्र पानाच्या डाव्या बाजूवरून. मिठाशेजारी कोणती चटणी आहे, कोशिंबिरीत दाण्याचे कूट आहे की ओले खोबरे, पंचामृत आहे की नाही, पुरणपोळीबरोबर कटाची आमटी आली की कढी, एवढे पाहिले तरी जाणत्या माणसाला यजमानांचे मूळ गाव कोणत्या अंगाला असावे याचा अंदाज येतो. आपल्या भाषेत या पदार्थांना ‘तोंडीलावणे’ असा नेमका शब्द आहे आणि सणाच्या स्वयंपाकात सर्वांत जास्त विचार त्यांचाच करावा लागतो, असे माझे ठाम मत आहे.

माझे माहेर लातूरकडचे आणि सासर रत्नागिरीकडचे. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीपूजनाला पान वाढून झाले, तूप पडले, तरी मी ज्वारीच्या आंबिलीची वाट पाहत होते. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्या पानावर आंबील, सोळा भाज्या एकत्र केलेली भाजी, पडवळाची कढी आणि पंचामृत असायलाच हवे. सासरी त्या दिवशी घावन-घाटले, वालाचे बिरडे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी होती. जेवण उत्तम झाले होते, पण सण पुरा झाल्यासारखे मला वाटले नाही. पुढच्या वर्षीपासून दोन्ही घरांची तोंडीलावणी एका पानावर आणण्याचा मी जो प्रयत्न करत आले, त्यातून हाती आलेली पद्धत येथे सांगते.

आधी विचारावे आणि मोजून घ्यावे

पहिले काम स्वयंपाकघरातले नसून विचारपूस करण्याचे आहे. सणाच्या निदान महिनाभर आधी घरातल्या ज्येष्ठ स्त्रियांना, म्हणजे आजी, आत्या, मोठ्या जाऊबाई, मावशी यांना, विचारायला बसावे. ‘आपल्याकडे काय करतात?’ असे मोघम विचारले, तर ‘नेहमीचेच’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी रिकामे ताट समोर ठेवावे आणि त्यांना बोटाने दाखवायला सांगावे: मीठ कुठे, त्याच्या डावीकडे पहिले काय, मग काय. हात पानाभोवती फिरू लागला की विसरलेले पदार्थ आपोआप आठवतात. माझ्या सासूबाईंना अंबाड्याचे रायते असेच आठवले. लिंबू आणि कोशिंबिरीच्या मधल्या जागेवर त्यांचे बोट थांबले आणि ‘इथे काहीतरी असायचं’ म्हणता म्हणता त्यांना पदार्थही आठवला आणि तो करणारी त्यांची आत्याही.

प्रमाणांचा प्रश्न त्याहून अवघड असतो, कारण जुन्या हातांना अंदाज असतो, माप नसते. ‘मूठभर’, ‘चिमूटभर’, ‘डोळ्यांना दिसेल तेवढे’ अशी त्यांची मापे असतात आणि ती त्यांच्या हातात कधी चुकत नाहीत. म्हणून त्यांना माप विचारत बसू नये; त्या करत असताना आपण मोजावे. गुळाचा डबा आधी वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहावा, त्यांनी हवा तेवढा गूळ घेतल्यावर डबा पुन्हा ठेवावा, आणि दोन आकड्यांतला फरक वहीत टिपावा. मीठ, चिंच, मसाला यांचेही तसेच करावे. याला आणखी एक कारण आहे. बऱ्याच घरांत नैवेद्य दाखवेपर्यंत कोणत्याही पदार्थाची चव घेत नाहीत. ज्या स्वयंपाकात मीठ चाखून पाहता येत नाही, त्यात वहीतले माप हाच आधार असतो.

कोणता पदार्थ कशामुळे पानावर आला, ते ओळखावे

यादी हाती आली की प्रत्येक पदार्थापुढे त्याचे कारण लिहावे. कारण कळले, म्हणजे कोणता पदार्थ बदलता येईल आणि कोणता नाही, हे कळते. माझ्या अनुभवात बहुतेक तोंडीलावणी व्रताच्या नियमामुळे, जमिनीमुळे किंवा ऋतूमुळे पानावर आलेली असतात. उरलेली कोणाच्या तरी आवडीमुळे.

व्रताचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमीची, म्हणजे ऋषिपंचमीची भाजी. बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी खायचे नाही, हा तिचा नियम. त्यामुळे परसात, कुंपणावर, हाताने लावून आलेले तेवढेच तिच्यात पडते: अळू, लाल माठ, भेंडी, शिराळी, भोपळा, सुरण, मक्याची कणसे आणि आंबटपणासाठी अंबाडे किंवा चिंच. फोडणी आणि मसाल्यांना तिच्यात फारशी जागा नसते. चातुर्मासाचेही असेच आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत अनेक घरांत कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य असते, आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंतचे सगळे मोठे सण याच काळात येतात. म्हणून सणाच्या भाज्यांना चव येते ती हिंग, गोडा मसाला, तीळ, खोबरे आणि चिंच-गूळ यांच्यामुळे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा दाखवून ज्या घरांत वांगे पुन्हा सुरू होते, तेथे भरीत नुसते तोंडीलावणे न राहता त्या दिवसाचा मुख्य पदार्थ होते. गौरींच्या बाबतीत तर एकाच प्रांतात दोन टोके सापडतात, कारण कोकणातल्या काही घरांत गौरीला सामिष नैवेद्याचा मान आहे. शेजारच्या घरात हे चालते म्हणून आपल्याकडे चालेल, किंवा आपल्याकडे चालत नाही म्हणून त्यांचे चुकले, असे म्हणण्याला अर्थ नाही. तो त्या त्या घराचा कुळाचार आहे.

जमिनीमुळे येणारा फरक कोशिंबिरीत स्वच्छ दिसतो. काकडी तीच, पण कोकणात आणि गोव्यात तिच्यावर ओले खोबरे पडते, कारण नारळ दारात असतो. घाटावर दाण्याचे कूट पडते, कारण भुईमूग शेतात असतो. गोव्यात चवथीला खतखते होते, ज्यात अनेक भाज्या ओले खोबरे, तिरफळ आणि आमसुलांबरोबर शिजतात. लातूरकडच्या सोळा भाज्या आणि गोव्याचे खतखते यांमागची इच्छा एकच आहे, पावसाने जे जे दिले ते सगळे देवापुढे ठेवण्याची. चव मात्र अगदी निराळी, कारण एकीकडे तीळ-दाणे आहेत आणि दुसरीकडे तिरफळ. अळूचेही तसेच. पुण्याकडे अळवाच्या फदफद्यात चुका घालतात, कोकणात अंबाडे किंवा आमसूल घालतात, आणि विदर्भात तर अळवाला धोपा म्हणतात. पुरणपोळीच्या जोडीला पश्चिम महाराष्ट्रात डाळीच्या कटाची आमटी लागते, तर विदर्भात कढी आणि भजी. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस असतो, आणि त्यासोबत कुरडया-पापड नसतील तर पान भरल्यासारखे वाटत नाही.

ऋतूबद्दल फार सांगायला नको. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या भोगीच्या भाजीत ओला हरभरा, पावटा, गाजर, वांगी आणि बोरे असतात, कारण जानेवारीत शेतात तेच असते. आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ होते, कारण तेव्हा कैरी असते. एवढेच ध्यानात ठेवावे की कुरडई, पापड आणि सांडगे हे पावसाळ्यातल्या सणांना खायचे असले तरी ते चैत्र-वैशाखातल्या उन्हाचे पदार्थ आहेत. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून त्याचा चीक काढायचा, तो शिजवून सोऱ्यातून पाडायचा आणि कडक उन्हात वाळवायचा, हे काम भाद्रपदात होऊ शकत नाही. म्हणजे गौरींच्या पानाची तयारी एप्रिलमध्ये सुरू होते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपण ज्याला अगदी जुने समजतो, त्यातले बरेचसे समुद्रापलीकडून आले आहे. मिरची, बटाटा, शेंगदाणा, मका आणि लाल भोपळा हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या व्यापारातून अशी पिके आपल्याकडे येऊ लागली. याचा अर्थ असा, की आज आपण करतो ते मिरची-दाण्याचे पंचामृत, पाडव्याची बटाट्याची भाजी, एवढेच नव्हे तर ऋषीच्या भाजीतला मका आणि भोपळासुद्धा, कोणा एके काळच्या गृहिणीने नव्याने पानावर घेतलेले आहेत. त्या बाईने नियम मोडला नाही. बैलाच्या श्रमाचे नको हे तत्त्व राखून परसात आलेली नवी भाजी तिने स्वीकारली. आपल्यालाही बदल करायचा असेल, तर याच रीतीने करावा.

गोडाला पूरक असे निवडावे

यादीतले सगळे एका दिवशी करता येत नाही. निवडताना गोड पदार्थात ज्या चवी नाहीत, त्या तोंडीलावण्यांतून आल्या पाहिजेत, ही कसोटी लावावी. पुरणपोळी गोड आणि जड असते, म्हणून तिला आंबट-तिखट आणि पातळ असे काहीतरी हवेच. कटाची आमटी आणि कढी दोन्ही हेच काम करतात आणि म्हणून एका पानावर दोन्ही घेण्याची गरज नाही. श्रीखंड मुळात दह्याचे आहे, म्हणून त्या दिवशी दह्यातली कोशिंबीर टाळून लिंबू पिळलेली खमंग काकडी करावी आणि बटाट्याची भाजी कोरडी ठेवावी. पाडव्याला कडू चव कडुलिंबाच्या चटणीतून येते. कोवळी पाने, भिजवलेली हरभरा डाळ, ओवा, हिंग, मिरे, चिंच, गूळ आणि मीठ वाटून ती होते आणि नखभरच वाढतात. मोदकात नारळ भरपूर असतो, तेव्हा बाकी पानावर तो हात राखून वापरावा, असे मी घाटावरच्या घरांना सांगेन. कोकणातल्या घरांना मात्र सांगणार नाही, कारण तेथे नारळाशिवाय पान पूर्ण होत नाही आणि ते त्यांना शोभतेही.

दोन घरांचा मेळ घालताना मी असे करते: ज्या घरचा देव, त्या घरचा कुळाचार. नैवेद्यात लागणारे पदार्थ त्या घरचेच राहतात आणि त्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या घरचे एकच तोंडीलावणे घ्यायचे, पण ते दरवर्षी घ्यायचे. एका वर्षी आंबील, पुढल्या वर्षी सांडगे, त्यापुढे आणखी काही असे केले की तो पाहुण्यासारखा येऊन जाणारा पदार्थ होतो. तेच तेच दरवर्षी आले, तर पाच-सहा वर्षांत मुले त्याची वाट पाहू लागतात. माझ्या घरी ते स्थान पंचामृताने मिळवले आहे.

पंचामृत

पूजेतले दूध, दही, तूप, मध आणि साखर यांचे पंचामृत वेगळे. हे पानावर वाढायचे, शिजवलेले. दहा-बारा माणसांना दहा हिरव्या मिरच्या, पाव वाटी शेंगदाणे, पाव वाटी सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, पाव वाटी भाजलेल्या तिळाचे कूट, मोठ्या लिंबाएवढी चिंच, अर्धी वाटी चिरलेला गूळ, एक चहाचा चमचा मीठ आणि तेवढाच गोडा मसाला पुरतो, कारण हे चमचाभरच वाढायचे असते. चिंच कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळ काढावा आणि शेंगदाणेही तेवढाच वेळ भिजवावेत.

दोन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद आणि आठ-दहा मेथीदाणे घालावेत. मेथीदाणे तांबूस झाले की थांबावे. काळे पडले तर सगळे पंचामृत कडू होते आणि मग गूळ वाढवूनही ते सुधारत नाही. त्यात मिरच्यांचे तुकडे घालून त्यांच्या सालीवर पांढुरके फोड येईपर्यंत परतावे. मग दाणे, खोबरे, चिंचेचा कोळ, वाटीभर पाणी, मीठ आणि मसाला घालून उकळी आणावी. सुरुवातीला चिंचेचा कच्चा, नाकात जाणारा वास येतो. पाच-सात मिनिटांनी तो जाऊन वाफेला मसाल्याचा वास येऊ लागतो आणि कडेला तेलाचे बारीक थेंब दिसू लागतात. गूळ तेव्हाच घालावा, आधी नाही, कारण गूळ आधी पडला तर रस दाट होऊन दाणे नीट शिजत नाहीत. शेवटी तिळाचे कूट घालून मंद आचेवर ठेवावे. ताटलीत एक थेंब टाकून ताटली कलती करावी. थेंबाभोवती पाणी पसरले नाही की गॅस बंद करावा, कारण गार झाल्यावर ते आणखी घट्ट होते. पंचामृत आदल्या दिवशी करून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते. ताज्याच नैवेद्याचा नेम असेल, तर सकाळी सर्वांत आधी करावे.

कामाचा क्रम आणि वाढणे

वालाचे बिरडे असेल, तर काम दोन-तीन दिवस आधी सुरू होते: वाल रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून, मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून सोलावे लागतात. हे काम एकटीने करू नये. घरातल्या सगळ्यांना सोबत बसवावे. विचारपूस करताना न निघालेल्या आठवणी वाल सोलताना निघतात. अळू निवडताना हाताला तेल लावावे आणि शिजताना चिंचेत कसूर करू नये, नाहीतर घसा खवखवतो. कोशिंबीर मात्र अगदी शेवटी कालवावी. काकडीला मीठ आधी लागले तर पाणी सुटते आणि ते पानावर पसरून शेजारची चटणी वाहून नेते.

पान मांडताना केळीच्या पानाचे अग्र जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. वरच्या बाजूला मध्यभागी मीठ वाढून त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर, पंचामृत आणि खालच्या अंगाला पापड-कुरडई-भजी. उजवीकडे भाज्या, आमटी आणि गोड. मध्ये वरणभाताची मूद आणि तिच्यावर तूप. चटणी आधी की लोणचे आधी, हे घरागणिक बदलते, आणि म्हणूनच सुरुवातीला रिकाम्या ताटावर बोट फिरवून घेतलेला क्रम वहीत चित्र काढून ठेवावा.

परदेशी किंवा दूरच्या शहरात राहणाऱ्यांनी सगळे पदार्थ जमवण्याचा हट्ट सोडून, व्रतामुळे आलेले आणि एक जमिनीमुळे आलेले तोंडीलावणे एवढे धरावे. खवलेला गोठवलेला नारळ, सोललेले वाल आणि केळीची पाने अनेक भारतीय दुकानांत मिळतात. अळूची पाने आशियाई भाजीवाल्यांकडे मिळतात, पण शोभेच्या झाडांची तशीच दिसणारी पाने खाण्याजोगी नसतात, तेव्हा खात्री असेल तरच घ्यावीत. अळू मिळालेच नाही, तर पालक आणि आंबट चुक्याची पातळ भाजी करावी. चिंच, गूळ, हरभरा डाळ आणि दाणे तेच ठेवले की चवीचा सूर बराचसा सापडतो.

सणाच्या रात्री, भांडी घासून झाल्यावर, वही पुन्हा उघडावी. कोणते तोंडीलावणे दुसऱ्यांदा मागितले गेले, कोणते पातेल्यात उरले, मीठ कशात कमी पडले, एवढे तीन-चार ओळींत तारखेसह लिहावे. गेल्या वर्षीच्या माझ्या नोंदीत लिहिले आहे: ‘पंचामृताला मिरच्या बारा चालतील. आंबील पुरली नाही. सासूबाईंनी दोनदा मागून घेतली.’